माव्याचे राखणदार



भातकापणी उरकली की कर्जत-खालापूरच्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो. पौष-माघात शेंगा भरतात, गावोगाव पोपटी लागते, आणि नेमक्या याच दिवसांत कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो. शेंडा उलटून पाहिला तर माव्याच्या आधी नजरेत भरतात ते काळे डोंगळे. साहजिकच राग त्यांच्यावर निघतो. पण डोंगळा वाल खात नाही. तो दुसऱ्याच कामावर आलेला असतो.

वालावरचा प्रौढ मावा तकतकीत काळा, पिल्लं राखी रंगाची. देठात बारीक सोंड खुपसून तो अन्नरस पितो. या रसात साखर भरपूर, पण अंग वाढवणारी द्रव्यं अगदी थोडी. ती पुरेशी मिळवायची तर रस खूपच प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर थेंबाथेंबानं मागून बाहेर पडते. पानं चिकट होतात, त्यावर पुढे काळी बुरशी धरते, ती याच गोडव्यामुळे.

हाताशी भिंग असेल तर एकाच डोंगळ्यावर नजर ठेवा. तो माव्याच्या पाठीवर मिशांनी हलके हलके थापटतो. मावा मागचा भाग उचलतो, टोकाशी स्वच्छ थेंब येतो आणि डोंगळा तो तिथल्या तिथे टिपतो. चार्ल्स डार्विननं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात असाच एक प्रयोग सांगितला आहे. डझनभर माव्यांजवळच्या सगळ्या मुंग्या त्यानं हटवल्या, काही तास त्यांना येऊ दिलं नाही. मग मुंगीच्या मिशांसारखं केसानं गोंजारून पाहिलं. एकाही माव्यानं थेंब दिला नाही. शेवटी एक मुंगी सोडली, तिच्या मिशा लागल्या, आणि एकेक मावा थेंब देऊ लागला!

या गोडाच्या बदल्यात डोंगळे राखण करतात. ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, सिर्फिड माशीच्या अळ्या हे माव्याचे वैरी. डोंगळे त्यांना हुसकावून लावतात. आपल्याकडच्या माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात, त्यामुळे राखण मिळाली की शेंडा बघता बघता भरून जातो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे : डोंगळ्यांची रांग दिसली की फवारणीचा पंप उचलू नका, आधी ती रांग कुठे जाते ते पाहा. सुरुवातीलाच सापडलेले माव्याचे शेंडे खुडून नष्ट करता येतात. सरसकट विषारी फवाऱ्यात ढालकिडेही मरतात, आणि वाचलेल्या माव्याला मग अडवणारं कुणी उरत नाही. बांधावर गिरिपुष्प असेल तर तेही तपासा, कारण हाच मावा त्यावरही पोसला जातो.

या राखणदारांनाही चकवणारे आहेत. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होतो, त्याच्याभोवतीही मुंग्या असतात. एपफ्लाय नावाच्या लहानशा फुलपाखराची अळी त्या ढेकणांचंच पांढरं मेण अंगावर घेऊन त्यांच्यात शिरते आणि मुंग्यांच्या देखत त्यांना खाते. तिचा कोष तर माकडाच्या तोंडासारखा दिसतो. जास्वंदीची पिठ्या लागलेली फांदी छाटण्याआधी त्या पांढऱ्या थरात ही अळी आहे का ते काडीनं सारून पाहा. असली, तर ती फांदी राहू द्या.