चपला राखणारा गडी



आज खेळाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी, सुगीच्या दिवसांत खेळ कसला? पण जरा ऐकून घ्या.

लंगडी कुणाला ठाऊक नाही? धडधाकट पोर एक पाय उचलते आणि दुसऱ्या पायावर उड्या मारत पळते. हा नियम आपणच केला. मग ज्याचा पाय जन्मापासूनच अधू, तो मुलगा लंगडी चालू असताना कुठे असतो? रेघेच्या बाहेर. चपला राखत!

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. चार वर्षे मी त्याला चपलांपाशी बसवला. पडेल, लागेल, अशी मला दया यायची. बाकीची पोरं त्यातून काय शिकली? हा गडी नव्हे, एवढंच शिकली.

पुढे बसून खेळायच्या व्हॉलीबॉलची माहिती माझ्या वाचनात आली. हा खेळ १९५६ साली नेदरलँड्स देशात सुरू झाला. एका बाजूला सहा गडी. सगळे जमिनीवर बसलेले. चेंडू मारताना अंग जमिनीला टेकलेलं हवं, उठायचं नाही. पुरुषांच्या सामन्यात जाळीची वरची कड १.१५ मीटर असते. आपल्या हिशेबाने अडीच हात. अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, हा खेळ असतो.

आम्हाला जाळी कुठली मिळायला? दोन खांबांना दोरी बांधली. खडे वेचले. सगळा वर्ग खाली बसवला. मग गंमत झाली. पळणाऱ्या पोरांना बसल्या बसल्या सरकता येईना. हात टेकावा तर चेंडू निसटे. आणि हा मुलगा हातांवर भार देऊन सरसर दोरीपाशी पोचे! त्याला ती सवयच होती. दुसऱ्या दिवशी गडी वाटून घेताना पहिलं नाव त्याचं निघालं. संध्याकाळी त्याची आजी शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, पोराची चड्डी पार मळवून धाडलीत की!" त्या घरातून अशी तक्रार आजवर कधी आली नव्हती.

काही ठिकाणी मुलांचे डोळे बांधून घटकाभर चालवतात आणि आंधळ्याचं दुःख कळलं म्हणतात. मला हे पटत नाही. त्यातून पोरांना नुसती भीती कळते. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीत एकाचेच डोळे बांधतात आणि बाकीचे हसतात. त्यापेक्षा 'गोलबॉल' बरा. महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी तो १९४६ साली निघाला. तीन-तीन गडी, आणि सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. चेंडूत घुंगरं असतात. आवाजावरून चेंडू ओळखून आडवं पडून अडवायचा. बघणाऱ्यांनी गप्प बसायचं, हे आपल्याला जड जाईल! साधा चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तर सरावापुरता सळसळतो.

आणखी एक. अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षण आणि खेळाची संधी सरकारमान्य शाळेने दिली पाहिजे, असा २०१६ सालचा कायदा आहे. कुणाचं पोर घरीच बसलं असेल, तर शाळेत घेऊन या. त्याला खेळायला घेत नाही असं कोणी म्हटलं, तर हा कायदा सांगा.

आमची दोरी आता विरली आहे. कुणाकडे जादा कासरा असेल, तर शनिवारी सकाळी आणा. आणि आलात, तर खाली बसायच्या तयारीने या.