रिकामे हात आणि फावला वेळ



ह्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज शास्त्रार्थाची अपेक्षा आपण करू नये. पाहिले आणि केले तेवढेच मी सांगेन.

चालकांनी विषय सुचवला तो 'टाळेबंदीतील छंद आणि घरची कारागिरी' असा. प्रथम मला नवल वाटले. कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस, महागाई यांवर बोलावे. छंदाशी त्याचा काय संबंध? पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की ह्या विषयाशी माझी एक चूक बांधलेली आहे, आणि ती चारचौघांत सांगण्याची वेळ आता आली आहे.

आरंभ शब्दापासून करू. 'टाळेबंदी' हा आमच्या चळवळीतला जुना शब्द. मालकाने फाटकाला कुलूप ठोकले आणि कामगार बाहेर राहिला म्हणजे टाळेबंदी. २०२० साली २४ मार्चच्या रात्री घोषणा झाली आणि २५ पासून सारा देश बंद झाला, तेव्हा हाच शब्द उलटा झाला. कुलूप ह्या वेळी घराला लागले आणि कामगार आत राहिला.

दुसरा शब्द 'गॅरेज'. आपल्याकडे गॅरेज म्हणजे मोटार दुरुस्तीचे दुकान. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली मोटारीची खोली. तिच्यात भिंतीशी एक बाक, बाकाला शेगडा, भिंतीवर हत्यारे टांगलेली, आणि सुटीच्या दिवशी घरधनी तेथे ठोकाठोकी करीत बसलेला. टाळेबंदीत तिकडच्या लाखो लोकांनी ह्याच खोलीचा आश्रय केला. कोणी टेबल केले, कोणी जुनी मोटारसायकल उघडली. घरे वाढवण्याची आणि ठोकाठोकीची ही हौस इतकी वाढली, आणि त्यात बंद पडलेल्या लाकूड गिरण्यांची भर पडली, की २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत इमारती लाकडाचा भाव साथीपूर्वीच्या तिपटीच्याही पुढे गेला.

त्या खोलीचा महिमा मोठा आहे, हे मी नाकारीत नाही. १९०३ च्या सुमारास हार्ले आणि डेव्हिडसन यांनी मोटारसायकल जुळवली ती परसातल्या लाकडी खोपटात. ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली कंपनी काढली ती पालो आल्टो गावातल्या गॅरेजात. आपल्याकडेही असे लोक झाले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपून पडद्यावर दाखवली ती घरच्या घरी. आणि पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. पण ह्या कथा सांगताना एक गोष्ट गाळली जाते. प्रत्येकाजवळ थोडी जागा होती, थोडी हत्यारे होती, आणि उद्याची भाकर अगदीच अधांतरी नव्हती, किंवा ती अधांतरी ठेवण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

आमच्या चिंचवडच्या वसाहतीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. तेथे गॅरेज कोठून आणायचे? तरीही हात स्वस्थ बसले नाहीत. जिन्याखालच्या जागेत एका फिटरने भंगारातल्या अँगलचे तुकडे जोडून पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड केला. दांडा, स्प्रिंग आणि पायपट्टी. बाटलीला हात न लावता औषध हातावर पडे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन चाळींतून मागणी आली. एका टर्नरने हातड्रिल बाकाला आवळले, त्याच्या तोंडात लाकूड धरले आणि पोरांसाठी भोवरे कातले. लेथ नाही म्हणून अडला नाही. बायकांनी शिवणयंत्रावर मुखपट्ट्या शिवल्या. त्याला मात्र कोणी छंद म्हटले नाही. माझी पत्नी एकदा म्हणाली, "तुम्हां पुरुषांना सुटी लागली म्हणून छंद सुचतात. आमच्या कामाला टाळे कोणी लावले?" ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

आता माझी गोष्ट. मी मूळचा फिटर. पण संघटनेचे पूर्ण वेळ काम घेतले त्याला तेव्हा वीसहून अधिक वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत माझ्या हाताने कानस धरली नव्हती. धरले ते ध्वनिक्षेपक आणि मागणीपत्र. टाळेबंदीत कचेरी बंद, सभा बंद. गॅलरीत माझी जुनी सायकल गंजत पडली होती. एके काळी ह्याच सायकलीवरून मी फाटकाफाटकांवर पत्रके वाटली होती. म्हटले, हिला उभी करू.

चाकांपासून सुरुवात केली. मागच्या चाकाला चाळीस तारा. 'आऊट काढणे' हे काम बघणाऱ्याला सोपे दिसते. एक तार आवळली की चाक एकीकडे ओढते, म्हणून समोरची आवळावी, तर रिंग वर उचलते. अर्धा फेरा फार होतो, पाव फेऱ्याने काम करावे लागते, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर चाक फिरवून पाहावे लागते. पहिल्या दिवशी मी चाक होते त्याहून वाकडे केले. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी रिंग दोन ब्रेकांमधून कोठेही न घासता फिरली, तेव्हा मला झालेला आनंद कोणत्याही करारावर सही करताना झाला नव्हता. आपण इतकी वर्षे कामगारांच्या हातांविषयी बोलत आलो, पण हात म्हणजे काय हे विसरलो होतो, असे त्या दिवशी वाटले.

मग मागचा हब उघडला. प्रत्येक बाजूला नऊ छर्रे. ग्रीस पुसताना एक सुटला आणि कपाटाखाली गेला. दुकाने बंद, नवा छर्रा मिळणार नाही. मी पोटावर पडून, हातात विजेरी घेऊन छर्रा शोधीत होतो, आणि फोन वाजला.

फोन एका कंत्राटी मुलाचा होता. जालना जिल्ह्यातला, वय तेवीस-चोवीस. ठेकेदाराने मार्चच्या पगारातले थोडे पैसे हातावर ठेवले होते आणि पुढचे काही बोलत नव्हता. २९ मार्चला केंद्र सरकारने हुकूम काढला होता की बंदच्या काळातली मजुरी कापू नये. तो मुलगा विचारीत होता, "भाऊ, तो हुकूम आम्हांला लागू आहे का?" मी म्हणालो, लागू आहे, पण कचेऱ्या उघडेपर्यंत धीर धर. आणि माझे लक्ष त्या छऱ्याकडे असल्यामुळे पुढे म्हणालो, "तोवर काही छंद लावून घे. डोके ताळ्यावर राहील." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, छंदाला आधी पोटात काही लागतं." आणि फोन ठेवला.

छर्रा सापडला. सायकल उभी राहिली. दोन दिवसांनी त्याच्या खोलीवर निरोप पाठवला तेव्हा कळले की तो आणि आणखी तिघे चालत गावाकडे निघाले. नगरच्या अलीकडून त्याने एकाला फोन केला होता. पुढे ८ मे रोजी, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ती बातमी सकाळी ऐकली तेव्हा माझ्या पायांतले बळ गेले. ते मध्य प्रदेशचे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर होते, हे तासाभराने समजले. आमची मुले तोवर गावी पोचली होती. पण त्या तासाभरात मी काय भोगले ते मलाच ठाऊक.

माझे वडील मुंबईत गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. काही महिन्यांनी ते चाळीतल्या लोकांचे स्टो दुरुस्त करू लागले. लोक म्हणत, "बघा, कसा हौशी माणूस आहे, स्वस्थ बसवत नाही." वडील हसत. रात्री आईला म्हणत, "हौस नाही ग ही. हातांना वाटू नये की आपली गरज संपली, म्हणून करतो." हे वाक्य कानावर पडलेला मुलगा मोठा होऊन एका उपाशी पोराला छंदाचा उपदेश करतो, ह्याला काय म्हणावे?

तेव्हापासून मी तीन गोष्टी वेगळ्या करून पाहायला शिकलो: काम, बेकारी आणि फावला वेळ. आपली भाषा ह्यात मोठी शहाणी आहे. 'फावणे' म्हणजे साधणे, अनुकूल होणे. जो वेळ माणसाला फावतो, ज्यावर त्याची सत्ता चालते, तो फावला वेळ. बेकारीचा वेळ रिकामा असतो, पण तो फावत नाही. तो माणसाला खातो. दोन्हींत माणूस घरीच बसलेला दिसतो, म्हणून वरून बघणाऱ्याची फसगत होते. माझीही झाली.

आणि हा फावला वेळ कोणी दान दिलेला नाही. आठ तास काम, आठ तास स्वतःचे, आठ तास विश्रांती ही घोषणा रॉबर्ट ओवेनने १८१७ मध्ये केली. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली काम टाकून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळवला. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना जमवले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. ह्या रविवारी जो कोणी रंधा हाती घेतो, बागेत माती उकरतो, पेटी वाजवतो, तो लोखंड्यांच्या ऋणात आहे.

हे आज सांगण्याचे कारण आहे. टाळेबंदीत एकीकडे आम्हांला छंद जोपासण्याचे उपदेश मिळत होते, आणि त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यातला दिवस बारा तासांचा केला. जादा तासांची दुप्पट मजुरीही काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली. पण विचार मेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे सांगतात. कागदावर ते ठीक असेल. बारा तास यंत्रापुढे उभा राहून, दोन तास बसमध्ये काढून आलेल्या माणसाने भोवरा कधी कातावा, मुलाला गणित कधी शिकवावे, ते मात्र कागदावर लिहिलेले नाही.

शेवटी, नुसती तक्रार करून मी खाली बसणार नाही. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी गावोगाव वाचनालये निघाली. त्यांतल्याच एकाने मला घडवले. मग हत्यारांचे वाचनालय का असू नये? अमेरिकेत बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १९७९ पासून हत्यारे घरी नेता येतात. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली लोकांनी एकत्र बसून मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू झाला आणि देशोदेशी पसरला. आम्ही २०२१ मध्ये आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीत एक बाक ठोकला. त्यावर एक शेगडा, एक ड्रिल, कानशी, करवती, रंधा, गुण्या. नोंदवही ठेवली. नियम दोनच: हत्यार पुसून जागेवर ठेवावे, आणि ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला दाखवावे. खोलीचे दार कायम आणि कंत्राटी दोघांनाही सारखे उघडे आहे, आणि बायकांनाही. पहिल्या वर्षी दोन कानशी हरवल्या आणि एक ड्रिल जळाले. पण निवृत्त झालेले एक टूलरूममधले गृहस्थ दर रविवारी येतात, आणि पोरांना कानशीने सपाटी कशी काढतात ते शिकवतात. घरी बसून त्यांना खोकल्याशिवाय काही सुचत नव्हते, असे त्यांची सूनच सांगते.

आणि तो जालन्याचा मुलगा? मजुरीचा हुकूम १८ मेपासून मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगार यांनी वाटाघाटी करून मार्ग काढावा असे सांगितले. आम्ही बसलो, भांडलो, आणि कंत्राटी मुलांसाठी बंदच्या काळातली अर्धी मजुरी मिळवली. त्याच्याबरोबरचे तिघे येऊन आपली रक्कम घेऊन गेले. तो आला नाही. त्याचा जुना नंबर लागत नाही. गावी निरोप धाडला, तर कोठे ऊसतोडीला गेला असे उत्तर आले. त्याच्या नावाची रक्कम आमच्या हिशोबात जमा आहे, आणि दर वर्षी ताळेबंद वाचताना ती ओळ मी स्वतः मोठ्याने वाचतो.

बंधुभगिनींनो, छंद ही चांगली गोष्ट आहे. माणसाच्या हातांना पगारापलीकडेही भूक असते, हे मी त्या चाळीस तारांपाशी शिकलो. पण कोणाला छंद लावून घे असे सांगण्यापूर्वी त्याच्या घरात चूल पेटली आहे का, एवढे विचारावे. मी ते विचारले नाही. आपण विचाराल, एवढीच विनंती करतो.