हॉट सीटवर गटशिक्षणाधिकारी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘केबीसीचे अनुभव’ असा विषय दिलाय आणि वेळ दिलीय वीस मिनिटं. चाळीस वर्षांनी भेटतोय, त्यात वीस मिनिटं माझ्यावर खर्च करताय, तर आधी नेहमीच्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो. हो, बच्चनसाहेब टीव्हीवर दिसतात तेवढेच उंच आहेत. नाही, प्रश्न आधी कोणी सांगत नाही. आणि हो, पैसे खरंच मिळतात. फक्त त्यातले तीस टक्के आयकर जागेवरच कापून घेतात. म्हणजे मी 6,40,000 जिंकलो, त्यातले 1,92,000 सरकारला गेले. सरकारी नोकराचे पैसे सरकारकडेच. उपकर पुढे विवरणपत्र भरताना वेगळा. उरलेल्यातून शिक्षक पतपेढीचं कर्ज फेडलं. कार घेतली का, असं मघाशी एका मैत्रिणीने विचारलं. नाही घेतली.

2000 साली जुलैत हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी शिक्षण विस्तार अधिकारी होतो. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मराठी मुलगा. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मास्तराला तेव्हा वाटलं, की अरे, हे तर आपल्यालाही आलं असतं. घरी सोफ्यावर बसून मीही पुढची एकोणीस वर्षं करोडपती होत राहिलो. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, एकदा नोंदणी करा, नाहीतर आम्हाला शांतपणे बघू द्या.”

2019 ला नोंदणी केली. फोन आला, मग चाचणी, मग मुलाखत, आणि निवड झाली. हा भाग सोडून देतो, सगळ्यांचा सारखाच असतो. परवानगीचा भाग मात्र सगळ्यांचा नसतो! आपण सरकारी नोकर. वर्तणूक नियम 1979 चे. दूरचित्रवाणीवर जायचं तर वरिष्ठांना विचारायला हवं. मी अर्ज केला. वरिष्ठ कार्यालयातून विचारणा आली, ‘सदर कार्यक्रम शैक्षणिक आहे किंवा कसे?’ मी लिहिलं, आहे. पुन्हा विचारणा, ‘प्राप्त होणाऱ्या रकमेचा तपशील सोबत जोडावा.’ आता ती रक्कम मी आधी कशी जोडणार? ‘शून्य ते सात कोटी’ असं लिहून पाठवलं. परवानगी आली. सोबत अट होती, की शासनाच्या धोरणावर भाष्य करू नये. एवढी वर्षं सेवेत काढलेला माणूस तसं करेल असं वाटणाऱ्यांचं मला कौतुकच वाटलं.

खरी अडचण घरची नव्हती आणि कार्यालयाचीही नव्हती. तालुक्याची होती.

गटशिक्षणाधिकारी काय करतो, हे इथल्या शिक्षक मंडळींना सांगायला नको. तो शाळेत जातो, पाठ बघतो, मुलांना प्रश्न विचारतो आणि शेरा लिहितो. मुलांना वाचता आलं नाही तर गुरुजींना कारणे दाखवा नोटीस जाते. मीही अशा नोटिसा काढल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच योग्यच होत्या. आता हाच माणूस टीव्हीवर बसणार, आणि त्याला प्रश्न विचारणार दुसराच कोणी. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर फिरला आणि फिरत फिरत माझ्यापर्यंत आला: ‘साहेब पहिल्या पाचात पडले तर त्यांना सात दिवसांत लेखी खुलासा मागवण्यात येईल.’ मला हसू आलं आणि रात्री झोप लागली नाही. थट्टा असली तरी त्यातला मुद्दा खरा होता. इयत्ता पाचवीच्या पुस्तकातलं काही चुकलं, तर त्यानंतर कुठल्या वर्गात उभं राहून मी कोणाला काय विचारणार होतो?

त्याच महिन्यात केंद्राची शिक्षण परिषद होती. चहाच्या वेळी एक तरुण शिक्षिका सरळ म्हणाल्या, “साहेब, प्रशिक्षणात तुम्हीच सांगता, पाठांतर नको, मुलांनी ज्ञान स्वतः रचायला हवं. आणि तुम्ही स्वतः राजधान्या पाठ करून बक्षीस आणायला चालला. मुलांना काय सांगू?”

मला त्या बाईंचा राग आला नाही. प्रश्न अस्सल होता. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 सालचा. घोकंपट्टीतून मुलाला सोडवा आणि शाळेतलं शिकणं बाहेरच्या जगण्याशी जोडा, हे त्याचं मुख्य सांगणं, आणि ते मला मनापासून पटतं. पण त्यानंतरच्या प्रशिक्षणांतून एक विचित्र गोष्ट झाली, असं माझं मत आहे. घोकंपट्टीबरोबर आपण माहितीलाच हलकं ठरवलं. ‘ते काय, गुगलवर मिळतं’ असं मास्तरसुद्धा म्हणायला लागले. नर्मदा कुठून कुठे वाहते हे ज्याला ठाऊक नाही, तो तिच्यावरच्या धरणाबद्दल विचार कशाच्या आधारावर करणार? मी बाईंना एवढंच म्हणालो, की परत आल्यावर बोलू. परिषदेत असं म्हटलं की विषय संपतो. यावेळी संपला नाही.

आता प्रत्यक्ष खेळ. सोबत एक जोडीदार न्यायचा असतो. बायको म्हणाली, “मला कॅमेऱ्यापुढे रडायचं नाही.” म्हणून मी आपल्या बाकावरच्या मित्राला घेतलं. तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय, एसटीत चालक आहे. त्याने रजा टाकली, देवगिरी एक्सप्रेसने आम्ही मुंबईला गेलो, आणि रात्रभर त्याने मला सगळे जिल्हे, तालुके आणि एसटीचे आगार विचारले. आगारांवर एकही प्रश्न आला नाही.

गोरेगावच्या फिल्मसिटीत दहा जण ओळीने बसवतात. चार घटना कालक्रमाने लावायच्या होत्या: मुंबई विद्यापीठाची स्थापना, काँग्रेसची स्थापना, बंगालची फाळणी, जालियनवाला बाग. 1857, 1885, 1905, 1919. माझं बोट आधी लागलं. पुढची पन्नास पावलं मी कशी चाललो ते मला आठवत नाही. मित्र म्हणतो, शाळा तपासायला आल्यासारखा चाललास.

पहिल्या पाचाला पंचेचाळीस-पंचेचाळीस सेकंद मिळतात. दहा हजार झाले तेव्हा पहिल्यांदा श्वास घेतला. तालुक्याचा खुलासा टळला. चाळीस हजारांना प्रश्न आला, की मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क कोणत्या घटनादुरुस्तीने आला? अख्ख्या खेळात घाम फुटला तो इथे, आणि तोही उत्तर येत असताना. अनुच्छेद 21क, 86 वी दुरुस्ती, 2002. रोज ज्याच्या आधारावर सही करतो ते. पण पर्याय वाचताना वाटलं, की हा चुकलो तर उद्या राजीनामाच द्यावा. ‘लॉक’ म्हणालो तेव्हा आवाज बारीक निघाला.

एका सिनेमाच्या गाण्यावर प्रेक्षकांनी वाचवलं. मग दहावा प्रश्न, 3,20,000 चा, आणि त्यासाठीच मी आज इथे बोलायला तयार झालो. प्रश्न होता, यांपैकी सर्वात पूर्वेला असलेलं शहर कोणतं: नागपूर, भोपाळ, हैदराबाद, चेन्नई.

साठ सेकंद होते. मनात पहिलं आलं नागपूर. महाराष्ट्राच्या माणसाला पूर्व म्हणजे विदर्भच. आणि मग मला आपलं मैदान दिसलं. भूगोलाच्या सरांनी आठवीत फक्कीने भारताचा नकाशा काढायला लावला होता, आठवतंय? कबड्डीच्या मैदानावर. काश्मीर हातपंपाकडे आणि कन्याकुमारी फाटकाजवळ. रेखावृत्तं म्हणून सुतळी बांधल्या होत्या, आणि प्रत्येकाला एकेक शहर करून उभं केलं होतं. मी नागपूर होतो. 80 अंशाची सुतळी माझ्या उजव्या हाताला होती, आणि चेन्नई झालेली मुलगी, तेव्हाचं मद्रास, सुतळीच्या पलीकडे उभी होती. मी वाद घातला होता, सर, की मद्रास खाली आहे, ते माझ्या उजवीकडे कसं? तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त ॲटलास हातात दिलात. हे मला कोणी पाठ करायला लावलं नव्हतं. मी त्या नकाशात उन्हात अर्धा तास उभा होतो.

चेन्नई, लॉक. बरोबर.

अकराव्याला उरलेल्या दोन्ही मदती संपल्या. बारावा प्रश्न 12,50,000 चा. भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत कोणाच्या हस्ताक्षरात आहे? पर्याय: नंदलाल बोस, ब्योहार राममनोहर सिन्हा, वसंत कृष्ण वैद्य, प्रेम बिहारी नारायण रायजादा. बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांनी पानं सजवली, हे माहीत होतं. सिन्हा त्यांतलेच. राहिले दोन, वैद्य आणि रायजादा. एक इंग्रजी प्रतीचा, एक हिंदी प्रतीचा, इथपर्यंत आलो आणि गाडी थांबली. चुकलो तर 3,20,000 वर घसरणार होतो. मित्राकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी ब्रेक लावल्यासारखं करत होता.

मी खेळ सोडला. सोडल्यावर अंदाज विचारतात. मी म्हणालो, रायजादा. ते बरोबर निघालं.

तेव्हापासून सगळे हळहळतात. सासुरवाडीत तर आजही. “माहीत होतं तर सोडलंत का?” पण मला माहीत नव्हतं. शिष्यवृत्तीच्या वर्गात मुलांना सांगतात ना, ‘येत नसलं तरी एक गोल काळा करून या’, ते ऐकलं की मी शेऱ्यात लिहितो. गोल काळा करून मार्क मिळतो, पण त्या मुलाला काय येतं हे गुरुजींना कळत नाही. बारा लाखांसाठी मी स्वतःचा तो शेरा खोडणार नव्हतो. बायकोला हे पटलेलं नाही, ते वेगळं.

आणि त्याच हंगामात, सप्टेंबर 2019 मध्ये, अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे त्याच खुर्चीवर बसल्या आणि एक कोटी जिंकून आल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या. महिन्याला मानधन 1,500 रुपये. आमच्या खात्यातल्या सर्वात कमी पैसे मिळवणाऱ्या माणसाने अधिकाऱ्यापेक्षा चार प्रश्न जास्त सोडवले होते. त्या मानधनाची बिलं माझ्याच टेबलावरून जातात. आधीही जात होती, पण त्या आठवड्यापासून ती टेबलावर पडून राहिली नाहीत. पुढे मानधन अडीच हजार झालं. पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही, आणि हे धोरणावरचं भाष्य समजू नये.

त्या शिक्षिकेकडे मी गेलो, 26 नोव्हेंबरला. संविधान स्वीकारल्याला त्या दिवशी 70 वर्षं झाली होती. बाईंनी पाचवीच्या मुलांना प्रास्ताविका टाकाने लिहायला दिली होती, प्रत्येकी एकच ओळ, शाईचा डाग पडला तर पुन्हा पहिल्यापासून. एक मुलगा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “साहेब, त्या माणसानं एवढं सगळं एकट्यानं लिवलं?” बाई माझ्याकडे बघून हसल्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं, त्यांनीच काढलं होतं. मी शेरापुस्तकात सही केली आणि पुढच्या शाळेकडे निघालो.

माझी वीस मिनिटं संपत आली. मघापासून हातात एक चिठ्ठी आहे, भूगोलाच्या सरांनी पुढून पाठवलेली. मला वाटलं, ‘आवरतं घे’ असेल. तसं नाहीये. वाचतो: ‘आपली गंगा नांदेड जिल्ह्यातून महाराष्ट्राबाहेर जाते. ती पुन्हा महाराष्ट्राच्या हद्दीला कोणत्या तालुक्यात येऊन मिळते? मोबाईल बघायचा नाही.’

सर, मला येतं, पण मी सांगत नाही. जेवणाच्या पंगतीत यांना विचारा.