कपबशी

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता वंदना झाल्यावर आपण सर्वांनी चहा घेतला. कोणाच्या हाती कोणता कप आला, हे कोणी पाहिले नाही. या साध्या गोष्टीमागे मोठा इतिहास आहे. तोच आज आम्ही सांगणार आहोत.

चहा मूळचा चीनमधला. ध्यानाला बसल्यावर झोप येऊ नये म्हणून तिथले भिक्खू तो पीत. ऐसाई नावाच्या जपानी भिक्खूने ११९१ साली चीनहून परतताना चहाचे बी नेले, असे सांगतात. १२११ साली त्याने चहावर ग्रंथही लिहिला. म्हणजे चहाचे आणि विहाराचे नाते जुने आहे.

आपल्या देशात इंग्रजांनी आसामात मळे लावले. पुढे चहा गावोगावी पोचला आणि जात त्याच्या कपात शिरली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. हाटेलाबाहेर कुडाला अडकवलेली कानतुटकी कपबशी आमची. ती आपणच धुवायची, चहा वरून ओतणार, पैसे मात्र सारखेच! "आत येऊ नको, उभ्यानंच पी," हे ऐकत आमचे वडील चहा प्याले.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत, सोबतच्या मंडळींनाही पाजत. केवढा धडा तो! पण हक्क एखाद्या राजाच्या मनावर कसा अवलंबून ठेवायचा? बाबासाहेबांच्या घटनेने तो कायद्यात आणला. कलम १५ ने हॉटेलचे दार उघडले, कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या कायद्याने हॉटेलातली भांडी जातीमुळे नाकारणे हा शिक्षेचा गुन्हा ठरला.

कायद्याने कप एक झाला. मनाचं काय? आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा असेल तर? शेजारच्या मातंग भावाच्या, पालावरच्या भटक्या माणसाच्या घरचा चहा आपण टाळत असू तर? मग ती कानतुटकी कपबशी आपणच कुडावरून काढून आपल्या फडताळात ठेवली, असं होईल.

म्हणून आज एवढंच ठरवू. ज्या घरी कधी गेलो नाही, त्या घरी या आठवड्यात जाऊ, ओसरीवर बसू आणि हक्कानं म्हणू, "माय, चहा मांड वं!"

नमो बुद्धाय! जयभीम!