नामावलीतील माणसे



साहित्याच्या व्यासपीठावर चित्रपटाचा विषय का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एका सवयीपासून सुरू होते. चित्रपट संपतो, पडद्यावर नावे वर सरकू लागतात आणि आपण चपला शोधू लागतो. त्या नावांत कोण असते, ते आपण कधी वाचत नाही. आज ती चार-पाच मिनिटे खुर्चीत बसून राहा, एवढीच माझी विनंती आहे.

बालाघाटला चित्रपटाचे अप्रूप आता पूर्वीइतके उरलेले नाही. 2020 साली अमित मसुरकर यांच्या 'शेरनी'चे चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यातील जंगलात झाले. विद्या बालन यांच्यासारखी मोठी अभिनेत्री आणि पाठीशी मोठ्या निर्मितीसंस्था, असा तो चित्रपट होता. मी बोलणार आहे ते दुसऱ्या जातीच्या चित्रपटाविषयी. त्याच्यामागे मोठी कंपनी नसते, पोस्टरवर ओळखीचा चेहरा नसतो आणि एकेक माणूस दोन-तीन माणसांचे काम उचलतो. अशा चित्रपटाला आपण 'स्वतंत्र' म्हणतो. पण त्याच्याइतका परावलंबी प्रकार दुसरा नाही. तो पूर्णपणे माणसांवर अवलंबून असतो.

आपल्या चित्रपटांची सुरुवातच मुळी अशी झाली. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा पाठीशी कोणती कंपनी होती? विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. तारामतीच्या भूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभे केले. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा, भालचंद्र. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्या हाती होता. आणि सरस्वतीबाई? फिल्मच्या पट्टीला भोके पाडणे, ती धुणे, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्यांनी केले. फाळक्यांचे नाव आज देशाच्या सर्वोच्च चित्रपट पुरस्काराला आहे. सरस्वतीबाईंचे नाव किती जणांना आठवते, हे आपण स्वतःलाच विचारून पाहावे.

तिथून शंभर वर्षे पुढे येऊ. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा दिग्दर्शकाचे वय होते 27. तिथे त्याला 'ओरिझोन्ती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा, असे दोन पुरस्कार मिळाले. 17 एप्रिल 2015 रोजी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याआधी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला होता, आणि पुढे ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. ही झाली बातमी. आता नामावली वाचू.

निर्माता विवेक गोंबर. चित्रपटात बचावाचे वकील विनय व्होरा यांची भूमिकाही त्यांचीच. ताम्हाणे यांच्या नाटकात त्यांनी आधी काम केले होते. त्या ओळखीतून त्यांनी या तरुण लेखकाला लिहिण्याइतकी उसंत मिळवून दिली आणि मग चित्रपटात स्वतःचा पैसा घातला. लेखकाला निवांतपणा मिळवून देणारा माणूस काय मोलाचा असतो, हे आपल्या सभेला मी सांगायला नको.

सरकारी वकिलाच्या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी आहेत, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. कोर्टात जुन्या कायद्यांची कलमे एका सुरात वाचणारी ही बाई घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागते, मुलांना जेवू घालते. न्यायाधीश सदावर्ते झाले आहेत प्रदीप जोशी. कॅमेरा मृणाल देसाई यांचा. हा कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी ठाण मांडून बसतो, जणू बाकावर आपल्या तारखेची वाट पाहणारा एखादा पक्षकार. संकलन रिखव देसाई यांचे. दृश्य संपले असे आपल्याला वाटते, त्यानंतरही ते क्षणभर थांबतात, आणि त्या थांबण्यातच कोर्टातला वेळ कसा जातो ते कळते. कलादिग्दर्शन पूजा तलरेजा आणि सोमनाथ पाल यांचे. कोर्टातली कपाटे, फायलींचे गठ्ठे, भिंतींचा रंग हे सारे कोणीतरी विचार करून मांडले आहे, अशी शंकाही आपल्याला येत नाही. ध्वनी अनिता कुशवाह आणि अमृत प्रीतम यांचा, संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे.

आता दोन नावांपाशी थोडे थांबू.

पहिले उषा बाने. गटारात उतरून काम करता करता मेलेल्या वासुदेव पवार याच्या बायकोची भूमिका त्यांची आहे. शाहिराच्या गाण्यामुळे तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली, असा सरकारी पक्षाचा आरोप असतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून ती साध्या आवाजात सांगते, की गटारात उतरण्याआधी नवरा आत खडा टाकायचा. झुरळे बाहेर आली तर ठीक, नाही आली तर आत विषारी वायू आहे असे समजायचे. वास सहन होत नाही म्हणून तो दारू प्यायचा. एक डोळा त्याचा गेला होता. सुरक्षेचे साहित्य मिळालेले नव्हते. या साक्षीत रडणे नाही, आवाज चढवणे नाही. नंतर वकील तिला गाडीतून सोडायला जातो आणि पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.

दुसरे नाव वीरा साथीदार. आरोपी शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका त्यांनी केली. हे आपले शेजारी, नागपूरचे. 1956 पर्यंत नागपूर ही आपल्याही प्रांताची राजधानी होती. विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण येणे-जाणे, सोयरीक, दवाखाना आणि पुस्तकांची खरेदी आजही त्याच वाटेने चालते. साथीदार व्यवसायाने नट नव्हते. ते आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. पडद्यावरचा कांबळे जे बोलतो ते त्यांनी रस्त्यावर, सभांत आणि लेखांत आयुष्यभर मांडले होते. अभिनय शिकलेल्या माणसाला तो कांबळे उभा करता आला असता, पण त्या चेहऱ्यावरचा थकवा आणि हट्ट त्याने आणला कुठून असता? 13 एप्रिल 2021 रोजी करोनाने नागपुरात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती.

इथे मला जे खटकते ते सांगतो. नट नसलेल्या माणसाला पडद्यावर आणताना आपण त्याच्याकडून काय घेतो? अभिनय तर घेतोच, शिवाय त्याचे जगलेले आयुष्य घेतो. मग त्याला परत काय देतो?

इटलीतला एक दाखला देतो. दे सिका यांच्या 1948 च्या 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये सायकल चोरीला गेलेल्या गरीब बापाचे काम लांबेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराने केले. चित्रपट जगभर गाजला. माज्जोरानी कारखान्यात परतले, तेव्हा कामगारकपातीत त्यांची नोकरी गेली. नट म्हणून मनाजोगते काम मिळेना, आणि कामगार म्हणून पूर्वीची जागाही उरली नाही. चित्रपटात बेकारीची गोष्ट सांगणारा माणूस चित्रपटानंतर स्वतः बेकार झाला. दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही. पण त्या यशातून त्याच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न टाळता येत नाही. वासुदेवच्या बायकोचे मागणे पुन्हा आठवा. तिला दया नको होती, काम हवे होते.

याला उत्तर असू शकते, याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. 1976 साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानी यांचा. पैसा दिला गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी, माणशी दोन रुपये. हा चित्रपट त्या शेतकऱ्यांनी सादर केला आहे, असे पडद्यावरच लिहिलेले आहे. ज्यांची गोष्ट तेच निर्माते. पाच लाख नावे पडद्यावर मावणार नाहीत हे खरे, पण त्यांचा हक्क त्या एका ओळीत मावला. 2024 साली तो चित्रपट नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हाही ती ओळ सोबत होतीच.

वाचकहो, हे सारे मी बालाघाटात का सांगतो आहे? कारण आता चित्रपट करायला मुंबई लागत नाही. वारासिवनीतला, कटंगीतला किंवा लांजीतला एखादा मुलगा उद्या मोबाइलवर कथापट करील. त्यात भरवेलीच्या मँगनीज खाणीतला कामगार असेल, पवारी बोलणारी आजी असेल, बैहरकडचा बैगा म्हातारा असेल. वैनगंगेच्या या काठावर गोष्टींना तोटा नाही. त्या मुलाला माझे सांगणे एवढेच, की कॅमेरा सुरू करण्याआधी या माणसांना चित्रपट कशाचा आहे ते त्यांच्या बोलीत समजावून सांग. मजुरी आधी ठरव आणि कागदावर लिही. थोडी असली तरी चालेल, पण ठरलेली असू दे. नाव त्यांना विचारून, ते सांगतील तसे लिही. आणि महोत्सवाला पाठवण्याआधी किंवा निदान तिथून परत आल्यावर, चित्रपट पहिल्यांदा त्यांच्याच गावात, त्यांच्या अंगणात दाखव.

आणि आपण साहित्यिक? आपल्याला एकट्याच्या नावाची सवय आहे. कव्हरवर एक नाव, सत्काराला एक शाल. पण आपल्या पुस्तकालाही अक्षरजुळणी करणारा असतो, मुद्रितशोधक असतो, बांधणीवाला असतो. जिने पहिला खर्डा ऐकून 'इथे कंटाळा आला' असे खरे सांगितले, ती घरातली बाईही असते. त्यांची नावे आपण किती वेळा छापतो? या व्याख्यानमालेच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ती यावीत, अशी सूचना मी अध्यक्षांपुढे ठेवतो. कागद अर्धा पान जास्त लागेल, इतकेच.

'कोर्ट'च्या अखेरीस सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर झोपलेले दिसतात. पोरे ओरडून त्यांना दचकवतात, ते एका पोराला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. त्यानंतर पडदा काळा होतो आणि नावे येऊ लागतात. आपण त्यावेळी उठून जाऊ नये. नावे वाचावीत. ज्यांच्या कष्टावर आपण दोन तास बसलो, त्यांच्यासाठी पाच मिनिटे आणखी बसणे अवघड नाही.