पुनर्वसनात मोजावे काय?



मुलुंडच्या वेशीपलीकडे ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. तेथून किती रुग्ण घरी परतले, हा आकडा आपण तत्परतेने विचारतो. परंतु घाटकोपरच्या चाळीत परतलेल्या माणसाचा पगार कोणाच्या हाती असतो? औषध बदलताना त्याला कोणी विचारते काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क प्रौढ व्यक्तीस दिला आहे. तेव्हा पुनर्वसनाच्या अहवालात एक रकाना वाढवावा : गेल्या महिन्यात रुग्णाने कोणता निर्णय स्वतः घेतला? उत्तर मात्र कुटुंबाकडून घेऊ नये (आपली सवय तीच!). कर्मचारी व नातेवाईक बाजूला गेल्यावर त्यालाच विचारावे. ज्यांच्यावर तो अवलंबून असतो, त्यांच्यासमोर तो बहुधा 'सर्व ठीक' एवढेच सांगतो.