छताची भेग आणि वरचा आवाज

आज घराच्या छताबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात भांडणापासून करते, कारण आमच्याकडे ती तिथूनच झाली.

आम्ही खाली राहतो, वर थोरल्या जाऊबाई. मधे एकच स्लॅब. वर मुसळ पडलं की खाली फळीवरची भांडी वाजायची. त्यातच आमच्या छताच्या गिलाव्याला भेग दिसली. मी मनाशी ठरवूनच टाकलं, की हे जाऊबाईंच्या मिरची कांडण्यामुळेच. मी बोलले, त्यांनीही ऐकवलं. तीन महिने बोलणं बंद.

मग एका दुपारी परातीएवढा गिलावा खाली आला. नातीचा पाळणा तिथेच बांधलेला असतो. त्या वेळी ती अंगणात माझ्या मांडीवर होती, म्हणून वाचली.

गवंडीदादांना बोलावलं. त्यांनी काठीने छत हलकं ठोकून पाहिलं. कुठे टणक आवाज आला, कुठे पोकळ. गिलावा पडला होता तिथली सळई तांबडी, गंजून फुगलेली. वर जाऊन पाहिलं, तर बरोबर त्याच जागी न्हाणी. फरशीचे सांधे उघडे पडले होते आणि पाणी स्लॅबमध्ये मुरत होतं. लोखंड गंजलं की फुगतं, जास्त जागा घेतं. ते काँक्रीटला आतून ढकलतं, आधी भेग पडते, मग पोपडा सुटतो. मुसळाच्या हादऱ्याने सुटलेला पोपडा चार दिवस आधी पडला असेल. पण मूळ दुखणं पाण्याचं होतं.

सगळ्याच भेगा घाबरण्यासारख्या नसतात. केसासारख्या बारीक, जाळीसारख्या भेगा बहुधा गिलावा भरभर सुकल्यामुळे पडतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख लिहा. महिन्याने पाहा. खुणेच्या पुढे गेली, तर ती वाढते आहे.

भेग सळईसारखी सरळ रेषेत असेल, तांबूस डाग असतील, ओल असेल, पोकळ आवाज येत असेल, तर वेळ घालवू नका. आधी खाट आणि पाळणा तिथून हलवा. सळई उघडी पडली असेल किंवा स्लॅब खाली झुकलेला दिसत असेल, तर त्या खोलीत झोपूच नका. जाणत्या अभियंत्याला दाखवा.

नुसता वरून सिमेंटचा हात फिरवून उपयोग नाही. आत गंज चालूच राहतो. आधी वरचं पाणी थांबवायचं. मग सुटा गिलावा काढायचा, सळईचा गंज घासून काढायचा, गंजरोधक लावायचं आणि मगच नवा थर. गच्चीवर पाणी साचू देऊ नका, पावसाळ्याआधी पन्हळ साफ करा. नवा स्लॅब घालताय? साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसी सिमेंटला किमान 10 दिवस स्लॅब सतत ओला ठेवा. उन्हाळ्यात आणखी जास्त. सळई थेट फळ्यांवर टेकू देऊ नका. खाली सिमेंटचे ठोकळे ठेवायला सांगा.

आता आवाजाचं. काँक्रीटमधून धक्क्याचा आवाज सहज खाली येतो. वरचे मुद्दाम करतात असं नाही, त्यांना तो खाली किती येतो हे कळतच नाही. मी जाऊबाईंना खाली बोलावलं, सुनेला वर कांडायला लावलं. दोन मिनिटांत त्या म्हणाल्या, "अगं बाई, एवढं वाजतं होय?" आता उखळाखाली जाड पोत्याची घडी असते आणि कांडण सकाळी दहानंतर होतं. न्हाणीचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा केला.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एकदा मान वर करून छत पाहा. पाळणा कुठे बांधलाय, तेही पाहा. आणि वर कुणी राहत असेल, तर भांडायच्या आधी त्यांना खाली चहाला बोलवा.